शंभर वॅटच्या मागे लागू नका

कोल्हापूरच्या एका ताईंचं पत्र: "बँकेतून निवृत्त झाले. वडिलांच्या सव्वादोनशे एलपी माझ्याकडे आल्या आहेत. बहुतेक ख्याल, नाट्यसंगीत, थोडे अभंग. केसरबाई केरकरांच्या काही ७८ च्या तबकड्याही आहेत, आणि एचएमव्हीचा जुना सूटकेसवजा प्लेअर. मुलाने नवा टर्नटेबल घेऊन दिला आहे. स्पीकरची जोडी घरात आहे, मागे ६ ओहम आणि ८७ डेसिबल असं छापलंय. हॉल बारा बाय सोळा, माझी खुर्ची स्पीकरपासून नऊ फुटांवर. पहाटे साडेपाचला ऐकायची सवय, आणि शेजाऱ्यांची भिंत लागून. आता मधला ॲम्प्लिफायर हवाय. बजेट पन्नास हजार, फार तर साठ. दुकानदार म्हणतो, होम थिएटरचा शंभर वॅटचा रिसीव्हर घ्या, टीव्हीलाही चालेल. भाचा म्हणतो, आठ-दहा हजारांत तळहाताएवढा ॲम्प ऑनलाइन मिळतो. मुलगा न्यू जर्सीहून जुना जपानी ॲम्प आणायला तयार आहे. मी कुणाचं ऐकू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्पीकरच्या मागचे आकडे, खोलीची मापं आणि खुर्चीचं अंतर लिहून पाठवलंत, फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसतं "चांगला ॲम्प सुचवा" एवढंच असतं, आणि मग उत्तर देणं अवघड होतं. तुमच्या बाबतीत मात्र हिशेब मांडता येतो, तो आधी मांडू.

८७ डेसिबल म्हणजे स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. तुम्ही बसता नऊ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. अंतरामुळे साधारण नऊ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात, खोलीच्या भिंती आणखी थोडं भरून देतात. तेव्हा दोन्ही स्पीकरना एकेक वॅट गेला तर तुमच्या खुर्चीत ८० ते ८२ डेसिबल पोचतील. घरात एवढ्या आवाजात गाणं लागलं तर स्वयंपाकघरातून कोणीतरी "जरा कमी करा" म्हणून नक्की हाक मारेल. दिवसा निवांत ऐकताना सरासरी ७० ते ७२ डेसिबल पुष्कळ होतात. त्याला एका वॅटचा दहावा भाग पुरतो. पहाटेचं तुमचं ऐकणं तर याच्याही खाली, साठ-बासष्टवर असणार. तिथे ॲम्प एका वॅटचा शंभरावा भाग देत असतो.

आता तबल्याची थाप, तानेचा जोर, समेवर येतानाचा झटका हे सगळं सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उसळतं. म्हणजे दिवसाच्या ऐकण्यात क्षणभरासाठी दहा वॅट लागू शकतात. त्यावर थोडी शिल्लक धरली, तरी तीस ते चाळीस वॅटचा प्रामाणिक ॲम्प तुम्हाला पुरून उरेल. पन्नासचे शंभर वॅट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला तर दहा डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. शंभर हा आकडा ऐकायला भारी वाटतो, तुमच्या हॉलमध्ये त्याने फारसं काही बदलत नाही.

"प्रामाणिक" असं मुद्दाम म्हटलं. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजार-हजार वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवलेली कमाल शक्ती, छापलेलं असायचं, ते तुम्हाला आठवत असेल. तो आकडा आता गेला, खोड मात्र पुरती गेलेली नाही. होम थिएटर रिसीव्हरच्या खोक्यावरचे शंभर वॅट पुष्कळदा एकच चॅनल चालू ठेवून, एकाच स्वरावर, ६ ओहमवर आणि दहा टक्के विकृती (मूळ आवाजात ॲम्पने पाडलेला बिघाड) चालवून घेऊन मोजलेले असतात. स्टिरिओ ॲम्पच्या माहितीपत्रकात पाहायचं ते असं: दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली. या अटींवर दिलेले ३५ वॅट मी त्या शंभर वॅटपेक्षा कधीही पसंत करेन.

तेव्हा किती वॅट हा प्रश्न तुमच्यापुरता मिटला. खरी परीक्षा आहे ती अगदी हळू आवाजाची, कारण तुम्ही ऐकता त्यातलं बहुतेक सगळं पहिल्या वॅटच्याही आत घडणार आहे. ॲम्प तिथे कसा वागतो हे कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत. ते कानांनीच तपासावं लागतं, आणि तुमच्याकडे त्यासाठी उत्तम साधन आहे: ख्यालाची रेकॉर्ड.

ख्यालाच्या सुरुवातीला तानपुरा एकटा वाजत असतो. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झवर येतो. आपल्या विजेची गुणगुण असते ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, १०० ची. म्हणजे खर्जाच्या दोन्ही अंगांना ती बसलेली. सिनेमाच्या गाण्यात ढोलक, व्हायोलिनं, सगळा वाद्यवृंद असतो, त्यात ॲम्पची गुणगुण झाकून जाते. तानपुऱ्यामागे ती झाकायला काहीच नसतं. खर्जाची तार छेडली जाते, जवारीचे, म्हणजे तारेच्या झणझणत्या नादाचे, पापुद्रे एकेक करून उलगडतात, आणि पुढची तार छेडेपर्यंत आधीचा नाद विरत जातो. चांगल्या ॲम्पवर तो विरण्याच्या शेवटापर्यंत ऐकू येतो. सुमार ॲम्पवर जवारी एकजीव, मधमाशांच्या घोंघाटासारखी होते आणि चारही तारा एकच काहीतरी वाजवताहेत असं वाटतं.

दुसरी गोष्ट व्हॉल्यूमच्या बटणाची. स्वस्त बटणात डावा आणि उजवा असे दोन भाग सुरुवातीच्या टप्प्यात सारखे चालत नाहीत. आवाज अगदी कमी ठेवला की एक बाजू दुसरीपेक्षा मोठी येते. दिवसा, बटण बरंच वर असताना हा दोष जाणवतही नाही. तुम्हाला तो रोज पहाटे जाणवेल. तपासायला सोपं आहे: जुन्या शास्त्रीय एलपी पुष्कळशा मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या, आहेत, त्यातली एखादी लावा. मोनो रेकॉर्डवर गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध यायला हवा. आता व्हॉल्यूम हळूहळू कमी करत जा. आवाज एका बाजूला सरकू लागला, तर तो ॲम्प तुमच्या कामाचा नाही.

तिसरी गोष्ट कानाची. आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला खालचे स्वर सगळ्यात आधी कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून पहाटेच्या आवाजात डग्ग्याचा घुमारा हरवतो आणि तबला नुसता टिकटिक वाजतो. यावर उपाय म्हणजे ॲम्पवरचं लाउडनेस बटण. "शुद्ध" ऐकणाऱ्या मंडळींमध्ये बेस, ट्रेबल आणि लाउडनेस या बटणांना नाक मुरडण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी ध्वनिमुद्रित झालेल्या दोनशे रेकॉर्ड्स ऐकणाऱ्या माणसाला ही बटणं हवीतच.

आता तुमच्या निवडीचा कणा: फोनो इनपुट. टर्नटेबलच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, तीन ते पाच मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल निघतो. सीडी प्लेअर देतो साधारण दोन व्होल्ट, म्हणजे चार-पाचशे पट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणारच नाहीत. वाजवताना हे बरोबर उलट करावं लागतं. त्याचं प्रमाण १९५४ पासून आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) या नावाने ठरलेलं आहे. हे दोन्ही काम फोनो स्टेज करतं. ॲम्पच्या मागे "फोनो" असं छापलेली जागा नसेल आणि तुम्ही टर्नटेबल साध्या "ऑक्स"मध्ये जोडलात, तर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येईल, आणि माणसं उगाच रेकॉर्डला किंवा सुईला दोष देतात.

त्याआधी एक काम करा. मुलाने दिलेल्या टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असा छोटा खटका आहे का ते बघा. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये फोनो स्टेज आतच बसवलेलं असतं. तसं असेल तर लाइनवर ठेवून तो कुठल्याही ॲम्पला जोडता येतो आणि तुमची निवड बरीच मोकळी होते. मात्र आतलं फोनो स्टेज पुष्कळदा कामचलाऊ असतं. ॲम्पमध्ये चांगलं असेल तर खटका फोनोवर करून ॲम्पच्या फोनोमध्ये जोडा आणि दोन्ही ऐकून बघा. लाइनवर ठेवून ॲम्पच्या फोनोमध्ये मात्र जोडू नका. दोनदा वाढवलेला सिग्नल फाटून येईल.

टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्या वायरींसोबत एक बारीक, एकटी वायर निघत असेल, टोकाला छोटा काटा असलेली. ती ॲम्पच्या मागे जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली अडकवून घट्ट पिळायची. गुणगुणीच्या किती तरी तक्रारी ही वायर मोकळी लोंबत असल्यामुळे येतात.

आता तुमचे तीन सल्लागार. दुकानदाराचा रिसीव्हर घेऊ नका. सात चॅनल, व्हिडिओ, नेटवर्क, पडद्यावरचे मेनू, हे सगळं त्याच किमतीत बसवायचं म्हणजे दोन चॅनलच्या वाट्याला उरतं ते थोडंच. त्यातून बरेच रिसीव्हर तुमच्या रेकॉर्डचा सिग्नल आत येताच डिजिटल करतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि मग पुन्हा ॲनालॉग करून बाहेर पाठवतात. तुम्हाला सुईपासून स्पीकरपर्यंत ॲनालॉग वाट हवी आहे, तर इंटिग्रेटेड, म्हणजे सगळं एकाच पेटीत असलेला साधा स्टिरिओ ॲम्पच घ्यायचा.

भाच्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते छोटे क्लास डी ॲम्प पाच-सहा वर्षांत खूप सुधारले आहेत. तापत नाहीत, वीज कमी खातात आणि तुमच्या स्पीकरना सहज पेलतील. पण त्यातल्या बहुतेकांना फोनो नाही, इनपुट एक किंवा दोन, लाउडनेस नाही, आणि कमी आवाजात दोन बाजू सारख्या राहतील याची खात्री नाही. बिघडला तर कोल्हापुरात दुरुस्त कोण करणार हाही प्रश्न आहेच. बजेट पंधरा हजार असतं तर मी तोच घ्या म्हटलं असतं, सोबत वेगळं फोनो स्टेज घेऊन. तुमचं बजेट त्याच्या तिपटीहून जास्त आहे.

मुलाला मात्र प्रेमाने नाही म्हणा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. तिथला ॲम्प इथे थेट लावला तर पहिल्याच क्षणी जळेल. मागे व्होल्टेज बदलायचा खटका असलेले जुने ॲम्प असतात, पण सगळे नाहीत. नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा सोबत बाळगावा लागतो, आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मर स्वतःच घुमतो. त्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे कपॅसिटर वाळलेले असणार. सॅन्सुई, पायोनियरचे त्या काळातले ॲम्प सुंदर आहेत यात वाद नाही, आणि मन लावून दुरुस्ती करणारा माणूस हाताशी असेल तर जन्मभर साथ देतात. तसा माणूस नसताना ते घेऊ नयेत. तरीही कधी जुना ॲम्प बघायला गेलात तर मल्टिमीटर घेऊन जा. इनपुट रिकामा, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले, अशा वेळी ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर तो तुमच्या स्पीकरला धोका आहे. तो तसाच ठेवून परत या.

व्हॉल्व्हच्या ॲम्पबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, कोणी सुचवेल म्हणून सांगतो: पहिलाच ॲम्प तो नको.

नावं सांगायची तर, एमएम फोनो असलेले आणि निखळ ॲनालॉग असे चार माझ्या डोळ्यासमोर आहेत. नॅड सी ३१६ बीईई व्ही२, ४० वॅट. हा नॅडच्या ३०२० या १९७० च्या दशकाअखेरीस आलेल्या ॲम्पच्या घराण्यातला. तो मूळ ॲम्प कागदावर अवघा २० वॅटचा होता आणि जगभर गाजला. नावातली बीईई ही अक्षरं त्याचे रचनाकार ब्योर्न एरिक एडवर्ड्सन यांची आद्याक्षरं. दुसरा केंब्रिज ऑडिओ एएक्सए३५, ३५ वॅट. तिसरा रेगा आयओ, ३० वॅट. याचं फोनो स्टेज चौघांत मला सर्वांत आवडतं, पण त्यावर बेस-ट्रेबल नाही आणि किमतीलाही तो वर जातो. चौथा यामाहा ए-एस२०१, १०० वॅट.

तुमच्या जागी मी असतो तर यामाहा घेतला असता, आणि ते शंभर वॅटसाठी नाही. त्यावर लाउडनेसचं वेगळं, हळूहळू फिरणारं बटण आहे. वापरायची रीत अशी: दिवसा तुम्हाला जास्तीत जास्त जेवढा आवाज चालतो तिथे व्हॉल्यूम लावायचा आणि मग व्हॉल्यूमला हात न लावता लाउडनेसचं बटण मागे फिरवून आवाज कमी करायचा. आवाज उतरतो, पण खालचे स्वर त्या प्रमाणात राखले जातात. शिवाय व्हॉल्यूमचं बटण वरच राहिल्यामुळे दोन बाजू असमान होण्याचा मघाचा त्रासही टळतो. पहाटे साडेपाचला ऐकणाऱ्या माणसासाठी याहून उपयोगी सोय मला माहीत नाही. टीव्ही डिजिटल वायरीने जोडायचाच असेल तर त्याचा वरचा भाऊ ए-एस३०१ बघा. त्यात ती जागा आहे.

घेण्याआधी पुण्याला किंवा मुंबईला जाऊन ऐका. सोबत स्वतःच्या दोन एलपी न्या, एक मोनो, एक स्टिरिओ, दोन्ही तुम्हाला पाठ असलेल्या. दुकानदार दोन ॲम्प लावून दाखवेल तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपनेही काम भागतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा ॲम्प कानाला नेहमी "चांगला" वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं. मग रेकॉर्ड थांबवा, इनपुट फोनोवर ठेवूनच व्हॉल्यूम नेहमीच्या जागी न्या आणि स्पीकरला कान लावा. बारीक सूं असा आवाज येईल, तो चालतो. घूं येत असेल तर कारण विचारा, वायर तपासायला लावा, आणि तरीही गेला नाही तर पुढचा ॲम्प ऐका.

स्पीकरच्या वायरीवर हजारो रुपये घालवू नका. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची, बारीक तारांची साधी वायर तुमच्या अंतराला भरपूर झाली. ॲम्पवर शोभेचं काही ठेवू नका, वर चार बोटं तरी जागा मोकळी हवी, कारण हे ॲम्प कोमट राहणारच. एप्रिल-मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं की ॲम्प आणि टर्नटेबल दोन्हींचे प्लग भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा, दमटपणाने बटणं खरखरायला लागतात.

राहिल्या केसरबाईंच्या तबकड्या. त्या नव्या टर्नटेबलवर एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ च्या खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते आणि सुईही जाते. तुमच्या टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का ते बघा. असेल तर त्याच कार्ट्रिजसाठी ७८ ची वेगळी सुई मिळते का याची चौकशी करा, पुष्कळ कार्ट्रिजना ती बोटांनी ओढून बदलता येते. या तबकड्या आरआयएएच्या आधीच्या असल्याने आवाज थोडा बुजलेला येईल. तिथे ट्रेबलचं बटण जरा वर करा.

आणि वडिलांच्या त्या एचएमव्ही प्लेअरवर एलपी लावू नका. तशा प्लेअरमध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते खाचेवर बराच भार टाकतं आणि स्टिरिओ रेकॉर्डची खाच खरवडतं. तो जोडायचीच हौस असेल तर लक्षात ठेवा, त्याचा सिग्नल मुळातच मोठा असतो, तो फोनोमध्ये जोडायचा नसतो.

टर्नटेबलच्या मागे तो खटका आहे की नाही आणि कार्ट्रिजचं मॉडेल कोणतं, एवढं पुढच्या पत्रात कळवा. ७८ च्या सुईचं तेव्हा नेमकं सांगता येईल.